अंगणात बसलेली शांतता

वादळ समुद्रात निघून गेलं, पण त्याच्या मधोमध असते ती शांतता कातळबंदरात भागोजी तांडेलाच्या अंगणात राहून गेली.

यात नवल करत बसण्यासारखं काही नाही. पाहुणा घाईने निघाला की कुणाची छत्री राहते, कुणाचा चष्मा राहतो. वादळाचं हे राहिलं. विहिरीच्या काठापासून न्हाणीच्या दारापर्यंत एक गोल होता आणि त्या गोलात वारा नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती. दोरीवरचं लुगडं भिंतीवर रंगवल्यासारखं लोंबत होतं. शेगडीचा धूर सरळ वर जायचा. गोलाबाहेर पाय टाकला की डोक्यावरची टोपी गेलीच. वाडीतल्या पोरांनी सुरुवातीला आत-बाहेर उड्या मारून पाहिल्या, मग त्यांना कंटाळा आला. पोरांना कशाचाही कंटाळा येतो.

ती राहिली कशी, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. वादळाचा पहिला भाग होऊन गेला की मध्ये शांतता येते, आणि ती आली की दार उघडायचं नाही, हे बंदरावर शेंबड्या पोरालाही कळतं. ती आपल्यासाठी आलेली नसते. वाटेने चाललेली असते, तिला जाऊ द्यायचं. मग उलट्या बाजूने वारा येतो आणि उरलेली कौलं नेतो. पण भागोजीची बायको चांगुणा दम्याची. बंद घरात तिचा जीव कोंडला, ओठ काळेनिळे पडले, तोंडात मारायचा पंप संपलेला. भागोजीने आणि सून रतनने तिला खाटेसकट उचलून बाहेर आणलं, तेव्हा शांतता नुकतीच अंगणात शिरत होती. आणि अंगणात कुणीही आलं, मग तो विजेचं बिल आणणारा का असेना, त्याला 'बस' म्हणायचं ही त्या घराची रीत. भागोजी म्हणाला, "आलीस तशी बस घटकाभर. हिला जरा श्वास घेऊ दे."

ती बसली.

वादळाचा दुसरा भाग आला तो अंगणाला वळसा घालून गेला. शेजारच्या पदाजीच्या घरावरची सगळी कौलं गेली. भागोजीचं एकही हललं नाही. हे पदाजीने पुढे भेटेल त्याला सांगितलं.

चांगुणा त्या दिवसापासून उताणी झोपायला लागली. दम्याचं माणूस उताणं झोपत नाही, उशीला टेकून रात्री बसून काढतं. तालुक्याच्या डॉक्टरने तर केव्हाच हात टेकले होते. फुप्फुसं सुकलेल्या स्पंजासारखी झालीत, म्हणाला होता. तीच बाई आता ताटभर भात जेवली. वर मागून कालवण घेतलं. आणि बोलू लागली. अर्ध्या श्वासापायी वर्षानुवर्षं जेवढी भांडणं राहून गेली होती ती तिने एकेक करून पुरी करायला घेतली.

"तुमच्या बहिणीने मला लग्नात मोडका पाट दिला बसायला."

"बहीण मेली गो माझी."

"मेली म्हणून पाट नीट झाला काय?"

भागोजी तोंड फिरवून बिडी पेटवायचा. काडी एका झटक्यात पेटायची. असलं भांडण ऐकायला त्याचे कान तरसले होते, पण तसं सांगणारा माणूस तो नव्हता.

इकडे हे सुख, आणि तिकडे समुद्र.

वादळ गेलं म्हणून लोकांनी गाद्या वाळत घातल्या. आभाळ निळं, ऊन कडक. पण दर्या शुद्धीवर आला नाही. मधली शांतता नसली की वादळाला कशाभोवती फिरावं ते कळत नाही. आई हरवलेल्या पोरासारखं ते बाहेर खोल पाण्यात भटकत होतं. पुढे जात नव्हतं, विरतही नव्हतं. त्याचं ते भटकणं लाटांनी किनाऱ्याला येऊन सांगायचं. भर उन्हात, आभाळात ढग नसताना, माडाएवढ्या लाटा यायच्या. त्यांचं परतीचं पाणी घोट्याला धरायचं आणि सोडायचं नाही. पदाजीची शेळी अशीच गेली, माणसं बघत असताना. मासळी सुकवायची खळी वाहून गेली. रोज थोडा थोडा किनारा कमी व्हायचा. धक्क्यावरचा लाल बावटा उतरला नाही.

आणि बंदराच्या दोन होड्या बाहेरच होत्या. वादळ यायच्या आधी दूरच्या पाण्यात गेलेल्या, त्या एका उघड्या खडकाच्या बेटाआड नांगर टाकून थांबल्या होत्या. घरी यायला खाडीचं तोंड ओलांडावं लागतं, आणि खाडीच्या तोंडावर पाण्याची भिंत उभी. त्यातल्या एका होडीवर भागोजीचा मुलगा मोरेश्वर, घरातला मोऱ्या, होता. पदाजीचा धाकटाही त्याच होडीवर.

मग वादळपश्चात शिल्लक खात्याचे सबनीस साहेब आले. वादळ गेल्यावर मागे जे जे राहतं त्याची विल्हेवाट लावणारं हे खातं. झाडावर अडकलेली होडी, दुसऱ्याच्या परसात आलेलं छप्पर, असलं काम. शांतता त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

"इथेच आहे का ती?" त्यांनी अंगणाच्या कडेवरून विचारलं.

"बसलीय," भागोजी म्हणाला. "बूट काढून या."

साहेबांनी बूट काढले. आत येऊन खुर्चीवर बसले, मांडीवर कागद घेतले, सवयीने त्यावर दगड ठेवला. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दगड खाली ठेवला.

"तांडेल, ही वस्तू तुमची नाही."

"मी कुठे म्हटलं माझी?"

"वादळाची आहे. वादळ अजून आपल्या हद्दीत आहे. ही मिळाल्याशिवाय ते हद्दीबाहेर जाणार नाही."

"मग येऊ दे आणि घेऊन जाऊ दे."

"ते परत आलेलं चालेल तुम्हाला?"

कुंपणापलीकडे पदाजी उभा होता. तो म्हणाला, "त्याला चालेल. कौलं माझी जातात."

"तिला ऊठ म्हणून सांगा," साहेब म्हणाले.

"बसलेल्याला ऊठ म्हणायचं आमच्यात नाही. तुमच्यात असेल."

साहेबांनी थोडा विचार केला. "आमच्यातही नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी रीतसर प्रयत्न केले. पदाजीने सुपाने वारा घातला. सुपाचा वारा सुपातच राहिला. रतनने अंगण झाडून पाहिलं. शेवटी खाट उचलून परसात नेली, तर शांतताही मागोमाग परसात गेली आणि अंगणातलं लुगडं एकदम फडफडायला लागलं. खाट ठेवून नुसत्या चांगुणेला खुर्चीवर बसवलं, तर शांतता खुर्चीभोवती आली.

"वस्तू बाईंना लागून आहे," सबनीस साहेब म्हणाले. "बाईंना न्यावं लागेल. मी लाँच मागवतो, खात्याची माणसं घेऊन जातील."

"पाहुण्याची विसरलेली वस्तू आम्ही परक्याच्या हाती पाठवत नाही," भागोजी म्हणाला. "घरचं माणूस जाऊन हातात देतं. आणि माझी बायको म्हणजे टपालाची थैली नव्हे."

"बाईंना परत आणता येईल ना. वस्तू दिली की काम झालं."

"म्हणजे तिचा श्वास तिथे ठेवायचा आणि बाई तेवढी घरी आणायची."

साहेबांनी कागद खालीवर केले. "असं मी म्हटलं नाही."

"पण होतं तेच."

साहेब शाळेत मुक्कामाला राहिले आणि रोज सकाळी येऊन अंगणाच्या कडेला बूट काढू लागले.

वाडीने भागोजीशी बोलणं सोडलं. बायका त्याच्या विहिरीवर पाण्याला येईनाशा झाल्या. पदाजी तेवढा बोलायचा, कारण न बोलता त्याला राहवत नसे.

"तुझी बायको श्वास घेते ना भागोजी, तो आमच्या पोरांचा आहे."

"तिथे माझाही पोरगा आहे."

"म्हणून तर मला कळत नाही तू माणूस आहेस का कोण आहेस."

भागोजीने त्याला चार शिव्या दिल्या. पदाजीने पाच दिल्या. दोघांचेही डोळे ओले होते, आणि ते एकमेकांना दिसू नयेत म्हणून दोघंही फार मोठ्याने बोलत होते.

रतन दुपारी धक्क्यावर जायची. तिथे मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर होड्यांचं बोलणं यायचं. परत येऊन ती सासूच्या पायाशी बसायची आणि सांगायची, "बरे आहेत सगळे. मासळी भाजून खातात. गाणी म्हणतात." एवढं सांगून चुलीशी जायची. भाकरी थापताना तिचा हात जरा जास्त जोरात पडायचा, इतकंच.

पण शांततेची एक खोड होती. तिच्यात वारा नव्हता, त्यामुळे लांबचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं. तालुक्याच्या रस्त्यावरचा एसटीचा गिअर, खाडीपलीकडच्या कोंबड्या, धक्क्यावरचा वायरलेस. रतन धक्क्यावर उभी राहून जे ऐकायची ते चांगुणा खाटेवर पडून ऐकायची. मोऱ्याचा आवाज तिने ओळखला होता. तो गाणी म्हणत नव्हता. प्यायचं पाणी संपलं, एका होडीचा नांगर तुटला, ती खडकावर जाऊ नये म्हणून तिला आपल्या होडीला बांधलंय, आता दोन्ही एकाच नांगरावर आहेत, असं तो सांगत होता. आवाज कसा, तर दोन शब्दांमध्ये थांबत होता.

भागोजीलाही ऐकू येत होतं. तो तेवढा वेळ जाळं घेऊन बसायचा आणि एकाच भोकात पुन्हा पुन्हा सुई घालायचा.

"अहो," चांगुणा एका दुपारी म्हणाली, "मोऱ्याला दम लागलाय."

"त्याला कुठला दम? रेड्यासारखा आहे तो."

"मला शिकवता? दम लागलेलं माणूस कसं बोलतं ते?"

भागोजीने जाळं बाजूला केलं नाही.

"मी पुष्कळ झोपले," ती म्हणाली. "जेवले, भांडले. तुमच्या बहिणीचं तेवढं राहिलंय, पण जाऊ दे. साहेबाला बोलवा."

"तो साहेब काय करणार?"

"तुम्ही बोलवा हो."

साहेब आले, बूट काढून बसले. चांगुणेने डोक्यावरून पदर घेतला आणि विचारलं, "शांतता माझ्यापाशी आहे ना? मग मी तिच्यातच राहिले, परत आलेच नाही, तर तुमचं काही म्हणणं आहे?"

साहेब म्हणाले, "वस्तू जागच्या जागी गेली की आमचं काम संपलं. तिच्यात कोण राहतं हा वादळाचा प्रश्न आहे."

"तिथे वारा लागणार नाही?"

"तिथे कधीच लागत नाही बाई. त्यालाच तर शांतता म्हणतात."

"ठरलं तर मग."

भागोजी उभा राहिला. "काय ठरलं? कुणी ठरवलं? आणि मी काय इथे माशा मारू?"

साहेबांनी घसा साफ केला. "रुग्णासोबत एक नातेवाईक राहू शकतो. तसा नियम आहे."

"कुठे राहू शकतो?"

"नियमात जागा लिहिलेली नाही."

भागोजी पुन्हा खाली बसला. त्याने बिडी काढली, पेटवली नाही, कानामागे ठेवली. "हे तुला आधी सांगता येत नव्हतं?" तो म्हणाला. साहेबाला तो अरेतुरे करतोय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. भागोजीची जुनी वल्ह्याची होडी उलटी पडली होती ती पदाजीने आणि वाडीतल्या बाप्यांनी सरळ केली. जो तो काही ना काही आणून होडीत ठेवत होता. तांदूळ, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाण्याचे कॅन, गोधडी. पदाजीने सुक्या बोंबलांची गाठोडी आणली. खळी वाहून गेल्यावर त्याच्याकडे उरलेली तेवढीच होती.

"खारट आहेत," तो म्हणाला. "म्हातारीला जास्त देऊ नको."

"तुझेच बोंबील. खारट असणारच."

खाट उचलण्याआधी सबनीस साहेब रतनला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. ती मान हलवून 'नाही, मी नाही सांगणार' म्हणत होती. मग ते भागोजीकडे आले. त्यांना सांगायला जड जात होतं.

"एक आहे तांडेल. निघताना 'येतो' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"जातो म्हणायचं. येतो म्हणालात तर तो शब्द दिल्यासारखा होतो. मग तुम्हाला यावं लागेल, आणि तुम्ही याल तेव्हा भोवतालचं सगळं तुमच्याबरोबर येईल."

खरं होतं. कोणालाच खोडता आलं नाही. पण दारातून निघणारं माणूस जातो म्हणत नाही. मयताला निघतानाही म्हणत नाही. कातळबंदरात तो शब्द उंबऱ्यावर कुणी काढला नव्हता, आणि म्हणून बाप्ये खाली बघत उभे राहिले.

खाट उंबऱ्यापाशी आणली. रतनने सासूला हळदकुंकू लावलं, नारळ आणि तांदळाने ओटी भरली. तिचा हात थांबत नव्हता. मूठ मूठ तांदूळ घालतच राहिली, जणू ओटी भरली नाही तोवर निघायचं नव्हतं.

"पुरे गो," चांगुणा म्हणाली. "सांडतायत." मग तिने रतनचं मनगट धरलं आणि घरात नवी वस्तू हलक्या हाताने ठेवावी तसं म्हणाली, "जाते हं."

रतनने तोंडात पदर घेतला.

भागोजी खाटेचा पुढचा पाय धरून उभा होता. त्याला तो शब्द निघेना. तोंड उघडायचा, मिटायचा. सगळी वाडी थांबून होती. शेवटी तो घराकडे पाठ करूनच म्हणाला, "जातो. विहिरीवर झाकण टाकत जा."

होडी पाण्यात घातली तेव्हा जवळची लाट पुढे आली, खाटेला पाहिलं आणि खाली बसली. मग तिच्यामागची बसली. भागोजी वल्ही मारत निघाला तसा होडीभोवती तळ्यासारख्या पाण्याचा गोल चालू लागला. गोलाबाहेर भिंती उभ्या होत्या. खाडीच्या तोंडावर त्या भिंती बाजूला झाल्या आणि होडी पलीकडे गेली. किनाऱ्यावर कुणी हात केला नाही. हात करणं म्हणजेही ये म्हणण्यासारखंच.

दुपार कलताना बेट दिसलं. दोन्ही होड्या एकाच नांगरावर, एकमेकींवर आपटत होत्या. शांतता तिथे पोचली तशा त्या सरळ झाल्या. मोऱ्या कठड्याला धरून उभा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"बाबा! आय! तुम्ही इथे कुठे?"

"नांगर उचल," भागोजी ओरडला. ओरडायची गरज नव्हती, पण मुलाशी तो असाच बोलायचा. "आमच्यामागे वाट मोकळी झालीय, फार वेळ राहणार नाही. एका दमात खाडीत शिर. तुटक्या नांगराचीला दोरी बांधून घे."

त्याने पाण्याचा कॅन वर दिला. मोऱ्या प्यायला, दुसऱ्यांना दिला. मग त्याने खाट पाहिली, स्टोव्ह पाहिला, तांदळाचं पोतं पाहिलं.

"तुम्ही कुठे चाललात?"

"वस्तू द्यायला."

"देऊन लगेच फिराल ना? मी थांबतो."

भागोजी वल्ह्याचं कडं तपासत राहिला. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

"मोऱ्या," खाटेवरून चांगुणा म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता, एकही शब्द अडत नव्हता. मोऱ्याने आईचा असा आवाज लहानपणानंतर ऐकला नव्हता. "घरी जा. भांग पाडून मग रतनसमोर उभा राहा. ती घाबरेल असलं तोंड बघून."

"आय, तू बरी आहेस की गं."

"बरीच आहे मी. जा तू."

त्याने नांगर उचलला. होड्या फिरल्या. पदाजीचा धाकटा मागे तोंड करून बसला होता आणि बघत राहिला होता. मोऱ्या सुकाणूवर होता, त्याला मागे बघता येत नव्हतं. खाडीचं तोंड त्यांनी ऊन असतानाच गाठलं.

वादळ फार लांब नव्हतं. धुरकट, वेडंवाकडं, एका बाजूला कलंडलेलं असं ते पडलं होतं. होडी जवळ गेली तसं ते गप्प झालं. मग भागोजीने वल्ही आत घेतली आणि ते त्यांच्याभोवती फिरू लागलं. आधी अडखळत, मग सावकाश, मग एका लयीत. ढगांच्या भिंती वर्तुळात उभ्या राहिल्या. वर निळ्या आभाळाचा एक गोल तुकडा उरला. मग सगळंच पश्चिमेकडे सरकू लागलं, आत पाण्यावर काही कळलंसुद्धा नाही.

धक्क्यावरचा बावटा उतरला. सबनीस साहेबांनी बूट घातले आणि एसटी धरली.

आत वेळ बरा चालला होता. भागोजी भात करायचा, बोंबील भाजायचा. वाऱ्यात सापडून दमलेले समुद्रपक्षी होडीच्या काठावर येऊन बसले होते. आधी त्याने त्यांना हुसकलं, मग सोडून दिलं. चांगुणा त्यांना भात घालायची आणि बहिणीच्या पाटाचं पुन्हा काढायची. मग बोलता बोलता झोपी जायची.

ती झोपली की भागोजीला बसवत नसे. इतकी वर्षं तिच्या छातीची शिट्टी ऐकत तो झोपला होता. घरघर ऐकू आली म्हणजे आहे, असा त्याचा हिशेब. आता घरघर नव्हती. लाट नव्हती, पान नव्हतं, पक्षी गप्प होते. ती उताणी पडलेली असायची, तोंड थोडं उघडं, आणि काहीच ऐकू यायचं नाही.

मग तो भर दुपारी उठायचा, होडी हलू नये अशा बेताने गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी जायचा, बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि तिच्या नाकाखाली धरायचा. त्या सगळ्या जागेत वारा असला तर तेवढाच. तो वाट बघायचा.

बोटाला गार लागायचं.

थोडा वेळ तसाच बसून तो वल्ह्यापाशी परत जायचा, आणि परत उठायचा.